बादलीतल्या मातीचे तारे

मंडळी, मधले तीन विकांत इथे काही लिहिलं नाही, कारण हात चिखलात होते. अलंकारिक नाही, खरोखरच्या चिखलात.

आमची सोसायटी मोशीत. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला इंद्रायणी ओलांडली की चाकणचा रस्ता. सकाळी कंपन्यांच्या बसेस उभ्या राहतात त्यावरून कुठली शिफ्ट चालली ते कळतं. तर आमच्या क्लबहाउसमध्ये दर डिसेंबरला नाताळचं झाड लागतं. सहा फुटी, प्लास्टिकचं. दर वर्षी खोक्यातून बाहेर येतं आणि दर वर्षी त्याची एक फांदी कमी भरते. त्यावर टांगायचे चकचकीत गोळे आता चेपून-पोपडे उडून इतके केविलवाणे झाले होते, की शेजारच्या काकूंनी फर्मान काढलं: यंदा गोळे विकत आणायचे नाहीत, पोरांनी हातानं करायचे. काकू मूळच्या वसईच्या, त्यामुळे नाताळच्या बाबतीत सोसायटीत त्यांचा शब्द शेवटचा.

सोसायटीच्या ग्रुपवर लगेच लिंकांचा पाऊस पडला. 'एअर ड्राय क्ले', म्हणजे भट्टी नको, ओव्हन नको, करा आणि हवेवर ठेवून द्या. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे शाडूच की!"

बरोबरच होतं तिचं. आणि शाडू तर आमच्या बाल्कनीतच होता.

तर त्याचं असं झालं होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. २०२५ची चतुर्थी २७ ऑगस्टला होती. दुसऱ्या दिवशी बादलीत विसर्जन झालं. शाडूची नऊ इंची मूर्ती रात्रभरात विरघळून तळाशी बसली, वरचं पाणी आईनं कुंड्यांना घातलं आणि खाली उरला तीनेक किलो मऊ राखाडी गाळ. दर वर्षी तो कुंडीत किंवा सोसायटीच्या बागेत जातो. यंदा पाऊस, मग दिवाळी, मग माझा एक भयानक रिलीज, या सगळ्यात बादली तशीच राहिली. डिसेंबरपर्यंत माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. पण त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर पुन्हा लोण्यासारखा गोळा!

इथे जरा शास्त्र सांगून घेतो, इंजिनिअरिंगची फी वसूल व्हायला हवी. शाडू 'सेट' होत नाही, तो फक्त सुकतो. मातीच्या चपट्या सूक्ष्म कणांमधलं पाणी उडून जातं, कण एकमेकांजवळ सरकतात आणि वस्तू कडक होते. पाणी परत दिलं की कण परत सुटे. प्लास्टर ऑफ पॅरिसचं तसं नाही. ते पाण्याशी रासायनिक क्रिया करून जिप्सम बनतं, आणि जिप्सम काही बादलीत रात्रभर ठेवून विरघळत नाही. म्हणून तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं पीओपीच्या मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती काढली. त्यात मूर्तीचा खडूसारखा चुना होतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट हे खत उरतं. मातीच्या बाबतीत परतीचा रस्ता बंद करायचा तर भट्टीच लागते. साधारण ६०० अंशांच्या पुढे भाजली की मातीच्या कणांच्या आतच बदल होतो, मग कितीही भिजवा, तिचा चिखल होत नाही. कुंभाराचं मडकं पाणी धरतं ते म्हणूनच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पीओपीच्या मूर्ती नकोत असं सांगितलं, तेव्हापासून शाडूची मागणी वाढली. पण हा शाडू काही मुळा-मुठेच्या काठचा नव्हे, बराचसा गुजरातेतून ट्रकनं येतो. म्हणजे दर वर्षी कुठेतरी जमीन खणायची, इथे आणायची, आणि दीड, पाच किंवा दहा दिवसांनी पाण्यात टाकून द्यायची. पुण्यातल्या 'इकोएक्झिस्ट'नं आणि त्यांच्याबरोबरच्या संस्थांनी 'पुनरावर्तन' नावाची मोहीम चालवली आहे ती याचसाठी. विसर्जनानंतरची शाडू माती लोकांकडून गोळा करायची आणि मूर्तिकारांना परत द्यायची. आमची बादली अर्थात या मोहिमेच्या तावडीतून सुटली होती. :)

माती तयार, पोरं तयार. अडलं ते भलत्याच ठिकाणी. आई म्हणाली, "थांबा. ही गणपतीची माती आहे."

तिचा आक्षेप नाताळला नव्हता. काकूंच्या घरचे कलकल आम्ही वर्षानुवर्षं डबे भरभरून खातोय. प्रश्न मातीचा होता. आणि गंमत म्हणजे काकूही त्याच कारणासाठी मागे सरल्या. "नको ताई, तुमच्या देवाची माती. आम्ही विकतची पाकिटं आणतो." आता दोघी एकमेकींना जपायला लागल्या म्हटल्यावर काहीच होणार नाही अशी चिन्हं दिसू लागली. मी मध्ये पडून उत्तरपूजेचा मुद्दा काढला. उत्तरपूजा झाली, मूर्ती जागची हलवली, की देव गेला. उरतं ते पार्थिव, म्हणजे पृथ्वीचं. आई म्हणाली, "मला शिकवू नकोस." आणि दोन दिवस हा विषय बंद.

तिसऱ्या दिवशी निकाल लागला. अर्धी माती तुळशीला. उरलेली वापरा, पण तिचं असं काही करायचं नाही जे पायदळी येईल. झाडाला टांगायचंय ना? मग चालेल. उंचावरच राहील.

मला विचाराल तर एवढा स्वच्छ निकाल मी कुठल्याच मीटिंगमध्ये ऐकलेला नाही.

पहिल्या शनिवारी क्लबहाउसमध्ये वर्तमानपत्रं अंथरून आम्ही बसलो. बारा-तेरा पोरं, काकू, आई आणि मी. माती आदल्या रात्री जुन्या सुती धोतरातून गाळून, त्याच धोतरात टांगून ठेवली होती, चक्क्यासारखी. मग कणकेसारखी मळायची, आतली हवा निघेपर्यंत. लाटायची पोळपाटावरच. वाटीनं गोल, करंजीच्या कातण्यानं नक्षीची कड, हातानं चांदण्या, घंटा, मासे. एका पोरानं रणगाडा केला. त्याला नाताळशी काय संबंध असं विचारलं तर "टांगता येतो" हे उत्तर मिळालं.

काकू हात चालवता चालवता वसईच्या गप्पा सांगत होत्या. तिकडे नाताळला पोरं गोठे करतात. येशूचा जन्म गोठ्यातला, म्हणून गवताचं छप्पर, मातीची टेकडी, मातीचे मेंढपाळ, गाई-मेंढ्या, हिरवळ दिसावी म्हणून आधीपासून रुजत घातलेली नाचणी. असा गोठा मांडण्याची चाल संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी केलेल्या देखाव्यापासून पसरली असं मानतात. मी म्हटलं, काकू, टेकडी, मातीची माणसं, उगवलेली हिरवळ, हा तर आमचा दिवाळीतला किल्ला! फक्त आम्ही हळीव पेरतो आणि मेंढपाळांच्या जागी मावळे असतात. काकू हसल्या. "किल्ला पण करायचो की आम्ही. दिवाळीतली तीच विटा-माती नाताळला गोठ्याला." 'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज 'नाताल'वरून आपल्याकडे आला आणि इतका मुरला, की तो पाहुणा आहे हे आता सांगावं लागतं.

असो. सगळं छान चाललं होतं. घोळ झाला तो शेंड्यावरच्या ताऱ्याचा.

झाडाच्या शेंड्याला प्लास्टिकची एक दांडी असते, बोटाएवढी जाड. तारा तिच्यावर टोपीसारखा बसवायचा, म्हणजे ताऱ्याच्या पाठीला मातीची नळी हवी. मोठ्या पोरांनी डोकं चालवलं. दांडीच्याच मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा शोधला, त्याभोवती माती थापली, पुढे पाच टोकांचा तारा चिकटवला आणि पाइपसकट सुकत ठेवला. रविवारी सकाळी बघतो तर नळी उभी चिरलेली आणि ताऱ्याचे दोन पाय गळून पडलेले. पोरांची तोंडं बघवत नव्हती.

बाबा पेपर वाचत बाजूच्या खुर्चीत बसले होते. दोन दिवस ते तिथे नुसते येऊन बसत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "पाइप आत ठेवून सुकवलात. फुटणारच."

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबा पॅटर्नमेकर. आयटीआय करून १९८६ साली भोसरीतल्या एका फाउंड्रीत लागले आणि २०२२ साली तिथूनच रिटायर झाले. पॅटर्नमेकर म्हणजे काय हे आजकाल पिंपरी-चिंचवडमध्येसुद्धा समजावून सांगावं लागतं. बिडाचा एखादा भाग ओतायचा, समजा पंपाची बॉडी, तर आधी त्या आकाराचं लाकडी रूप लागतं. तो पॅटर्न. तो वाळूत दाबून बसवायचा, अलगद काढून घ्यायचा, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. भाग आतून पोकळ हवा असेल तर त्या जागी वाळूचाच गाभा ठेवायचा. तो कोअर. या पट्ट्यात गेल्या साठ वर्षांत जे काही गरगर फिरलं, त्यातलं बरंचसं आधी कुणीतरी लाकडात कोरलेलं होतं.

शेवटच्या काही वर्षांत लाकूड मागे पडलं. रेझिनच्या ठोकळ्यातून सीएनसी मशीन पॅटर्न काढायला लागलं, कोरीवकामाची बाकडी हलली आणि बाबा इन्स्पेक्शनला गेले. रिटायर झाल्यावर त्यांची हत्यारांची सागवानी पेटी पलंगाखाली गेली. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत आई म्हणाली, एखाद्या सुताराला तरी देऊन टाका. बाबा "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण पेटी उघडली मात्र गेली नव्हती.

मी स्वतः मेकॅनिकलचा. दुसऱ्या वर्षाला पॅटर्न अलाउन्स नावाचा प्रश्न हमखास यायचा: श्रिंकेज, मशिनिंग, ड्राफ्ट, डिस्टॉर्शन, रॅपिंग. पाच मुद्दे, आकृती असेल तर पूर्ण मार्क. बाबा रोज सकाळी सव्वासहाला घर सोडून जे करायला जायचे, ते आमच्या विद्यापीठात एका प्रश्नाएवढं होतं. पुढे कॅम्पसला आयटी कंपनी आली आणि मी हिंजवडीचा झालो. तेव्हापासून आमच्या बापलेकांच्या संवादात जेवण, पेट्रोल आणि ट्रॅफिक हे तीनच विषय. भांडण नाही, अबोला नाही. विषय नव्हता, एवढंच.

तर बाबा उठले. फुटलेला तारा हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा केला, आणि पोरांना दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, माती सुकताना आकसते आणि पाइप आकसत नाही. आतून कुणी दाबून धरलेलं असेल तर बाहेरच्यानं फाटायचं नाही तर काय करायचं? फाउंड्रीत कोअर म्हणूनच ढिला ठेवतात. धातू आवळायला लागला की वाळूनं आतल्या आत खचायला हवं. दुसरी गोष्ट ताऱ्याच्या पायांची. त्यांनी ताऱ्याच्या आतल्या कोनावर बोट ठेवलं. "इथे चीर सुरू झाली. आतला कोपरा धारदार ठेवायचा नाही. रेडियस द्या." बारा वर्षांच्या पोरांना रेडियस हा शब्द वर्तुळापुरता माहीत. बाबांनी ओलं बोट कोपऱ्यातून हळूच फिरवून तो गोलसर केला. "झाला रेडियस."

बीड असो की शाडू, पातळ टोक आधी सुकतं किंवा थिजतं, जाड मध्य मागून येतो, आणि या ओढाताणीचा सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. फक्त ते पुस्तक समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचतंय हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

मग पेटी उघडली. वर बाबांच्या गोल पटाशा, खाली फडक्यात गुंडाळलेली स्टीलची पट्टी. "ही बघ. खोटी पट्टी." आम्ही तिला श्रिंकेज स्केल म्हणतो आणि तिची आकृती काढतो. बाबांच्या हातातली खरी होती, तीस वर्षांच्या घामानं काळवंडलेली. तिच्यावर १०० मिलिमीटर लिहिलंय तिथे साध्या पट्टीवर साधारण १०१ भरतात. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. प्रत्येक मापाला गणित करत बसलं तर कुठेतरी चूक होणारच. त्यापेक्षा पट्टीच मोठी केली की माणूस निवांत. अॅल्युमिनियमला मीटरमागे सुमारे १३, पोलादाला २०. ज्या धातूचं काम, त्याची पट्टी.

"शाडूला किती?" मी विचारलं.

बाबा म्हणाले, "मला काय माहीत? मोजू."

मोजायची पद्धत एकदम सोपी. मातीची एक पट्टी लाटली, तिच्यावर सुईनं बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि सुकवली. तीन दिवसांनी अंतर भरलं ९४. शंभराला सहा! बिडाच्या सहापट. मग बाबांनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली आणि साध्या पट्टीच्या १०६ आणि जरा वर जिथे येतं तिथे '१००' लिहिलं. पोरं त्या पुठ्ठ्यावर जाम खूश. प्रत्येकाला खोटी पट्टी हवी होती.

दुसरा तारा असा झाला. नळीचं माप पुठ्ठ्याच्या पट्टीनं घेतलं. पाइपऐवजी पेन्सिलीभोवती वर्तमानपत्राचे सैल वेढे, म्हणजे माती आवळली की कागद दबेल. मातीत भिजवलेल्या कागदाचा थोडा लगदा मिसळला, त्यानं वजन कमी आणि चिवटपणा जास्त. लाटताना दोन्ही बाजूंना पाच मिलिमीटर जाडीच्या प्लायच्या पट्ट्या ठेवून लाटणं त्यांच्यावरून फिरवलं, म्हणजे जाडी सगळीकडे एक. घरी पोळ्या करताना ही युक्ती वापरून बघू नका, आईनं पट्ट्या बाहेर फेकल्या.

आणि सुकवणं. मूर्तिकारांची श्रावणात उलटी अडचण असते, हवेतच इतकं पाणी की मूर्ती सुकता सुकत नाही. आपल्याकडच्या डिसेंबरात दुपारची हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, मग मातीचं काय! म्हणून ऊन नाही, पंखा नाही. वस्तू चाळणीवर ठेवायच्या, वरून ओलसर सुती फडकं, सकाळ-संध्याकाळ उलटायच्या. पहिले दोन दिवस फडकं, मग उघड्यावर तीन दिवस. बाबा रात्री उठून फडकं ओलं करत होते हे मला आईकडून कळलं.

रंगाला गेरू आणि खडूची पांढरी माती. पोरांनी हळद पण वापरली. ती उन्हात उडते, पण क्लबहाउसात ऊन येतंच कुठे. दोऱ्याचं भोक स्ट्रॉनं पाडलं, सुईनं पाडलेलं सुकल्यावर बुजतं. वाटीच्या मापाचा एक गोल स्वयंपाकघरातल्या काट्यावर २५ ग्रॅम भरला. असे चाळीस म्हणजे किलोभर माती. प्लास्टिकच्या फांदीच्या टोकाला टांगली तर फांदी खाली मान घालते, म्हणून जड वस्तू खोडाजवळ आणि हलक्या टोकाला. जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात झाडासाठी काचेचे पोकळ गोळे फुंकायला सुरुवात केली. त्याआधी लोक सफरचंदं, अक्रोड टांगायचे. तो पोकळपणा किती कामाचा होता हे आमच्या झाडाकडे बघून पटलं.

गेल्या शनिवारी तारा शेंड्यावर चढवला. काकूंच्या नातीला मी उचलून धरलं होतं. नळी दांडीवर बसली, जरा अडली, मग सर्रकन खाली गेली आणि घट्ट राहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी ताऱ्याला एका बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. चीर असती तर बद्द वाजलं असतं.

सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणानंतर, काकू झाड उतरवतील. तारे, मासे आणि रणगाडा परत बादलीत जाणार हे आईनं आत्ताच जाहीर केलंय. पोरांनी थोडा दंगा केला, पण पुढच्या वर्षी त्याच मातीचं दुसरं काहीतरी करता येईल म्हटल्यावर यादी सुरू झाली. रणगाडेवाल्याला आता विमान हवंय. त्याला पंखांच्या मुळाशी रेडियस लागणार हे त्याला न सांगता कळलं.

पेटी सध्या बाल्कनीत आहे. पेटीच्या झाकणात बाबांची एक जुनी डायरी असते, तिच्या शेवटच्या पानावर त्यांच्या कोरीव अक्षरात तक्ता आहे: बीड, अॅल्युमिनियम, पितळ, पोलाद, आणि प्रत्येकापुढे आकसण्याचा आकडा. काल पेटीतून पेन्सिल काढताना ते पान उघडलं गेलं. सगळ्यात खाली, ताज्या पेनानं एक ओळ वाढली आहे.

शाडू – शंभराला सहा. (लगदा घातल्यास पुन्हा मोजणे.)